चार चाकांची ओढ

दिवाळीचे वहीपूजन आटोपते, लाभपंचमीला पेढी पुन्हा उघडते आणि कल्याण-डोंबिवलीच्या व्यापारी घरांत एका विषयाला हमखास तोंड फुटते. यंदा गाडी बदलायची का? दहा-बारा वर्षांपूर्वी या चर्चेत ॲव्हरेज, डिकी आणि रंग एवढेच मुद्दे असत. अलीकडे घरातील तरुण मंडळी आणखी एक मागणी पुढे करतात. गाडी ‘फोर बाय फोर’ हवी, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी हवी. वडीलधारे मान डोलावतात. पण या एका सोयीसाठी दोन-तीन लाख रुपये अधिक का मोजायचे, हे त्यांना कोणी नीट समजावून सांगत नाही. शोरूममधला विक्रेता डोंगर चढणाऱ्या गाडीची चित्रफीत दाखवतो आणि जो गृहस्थ तळहातावर चार दाणे घेऊन गव्हाची प्रत सांगतो, तोच येथे चित्रफितीवर भरवसा ठेवून सही करून मोकळा होतो.

चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीचा आणि या परिसराचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची विलीज जीप जगभर पोहोचली. १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे मुंबईत तिने या जीपची जुळणी सुरू केली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले; इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून महिंद्र अँड महिंद्र झाले. भागीदारी सुटली तरी पेढी कशी चालू राहते, याचे हे उदाहरण व्यापारी वाचकांना वेगळे सांगायला नको. पुढे कित्येक दशके जीप ही पोलीस, वनखाते, पाटबंधारे आणि खेड्यापाड्यांतील वाहतूकदार यांची कामाची गाडी होती. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. तिनेही सैन्यात आणि अभयारण्यांत नाव कमावले. शहरी मध्यमवर्गाने मात्र या दोन्ही गाड्यांकडे हौसेने क्वचितच पाहिले, कारण त्यांत बसून प्रवास केल्यावर हाडे खिळखिळी होत.

चित्र पालटले ते नव्या थारने. ही गाडी मूळची २०१० सालची; परंतु २ ऑक्टोबर २०२० रोजी तिचे नवे रूप बाजारात आले. वातानुकूलन, ऑटोमॅटिक गिअर आणि सुरक्षेची चांगली श्रेणी यांमुळे कामाची गाडी एकाएकी मिरवण्याची गाडी झाली. २०२३ मध्ये मारुतीने पाच दारांची जिम्नी आणली, २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आणि पाच दारांची फोर्स गुरखा आली. आज घोडबंदर रस्त्यावरील कोणत्याही मोठ्या संकुलाच्या वाहनतळावर अशा गाड्या रांगेने दिसतात. त्यांपैकी किती गाड्यांचा चार चाकांचा दांडा वर्षातून एकदा तरी ओढला जातो, हा प्रश्न विचारणारा माणूस मात्र त्या रांगेत क्वचितच भेटतो.

या यंत्रणेचे मर्म एकदा समजून घेतले की पुढचा निर्णय सोपा होतो. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांकडे जाते, बहुधा पुढच्या. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी एक दातेरी योजना मध्ये बसवलेली असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. डांबरी रस्त्यावर ती अत्यंत उपयोगी. चिखलात मात्र तिचा एक दुर्गुण उघडा पडतो. एक चाक निसटून जागच्या जागी फिरू लागले की शक्ती त्याच चाकाकडे वाहून जाते आणि घट्ट जमिनीवरचे चाक नुसते उभे राहते. दोन भागीदारांपैकी एक उधळ्या निघाला तर पेढीचे भांडवल ज्या वाटेने जाते, तसाच हा प्रकार. त्यावर उपाय दोन. एक, शक्ती दोनऐवजी चार चाकांना वाटायची. दुसरा, डिफरन्शियलला कुलूप घालून दोन्ही चाके एकत्र बांधायची. गुरखासारख्या गाडीत पुढे-मागे दोन्हीकडे असे कुलूप मिळते. थारच्या वरच्या प्रकारांत मागच्या बाजूस मिळते. जिम्नीत निसटणाऱ्या चाकाला ब्रेक लावून तेच काम काही अंशी साधले जाते.

शक्ती चार चाकांना वाटण्याच्याही दोन पद्धती आहेत आणि शोरूममध्ये सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. पहिल्या पद्धतीत गाडी एरवी मागच्या दोन चाकांवर चालते आणि गरज पडली की चालक दांडा ओढून पुढची चाके जोडतो. थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन या साऱ्या याच जातीच्या; फरक इतकाच की काहींत दांड्याऐवजी बटण असते. त्यांच्यात ‘लो रेंज’ नावाचा जास्तीचा गिअर असतो. त्यामुळे गाडी मुंगीच्या चालीने, पण बैलाच्या जोराने चढते आणि उतारावर इंजिनच तिला रोखून धरते. मात्र कोरड्या डांबरावर ही जोडणी चालू ठेवायची नसते. पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात आणि यंत्रणेवर ताण येतो. दुसरी पद्धत ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ची. ग्रँड व्हिटाराच्या एका प्रकारात ती मिळते. येथे कोणत्या चाकाला किती शक्ती द्यायची हे यंत्र स्वतः ठरवते आणि चालकाला काही करावे लागत नाही. ओल्या घाटरस्त्यावर, निसरड्या वळणावर ती फार सुखाची. पण तिच्यात सहसा लो रेंज नसतो, म्हणून खोल चिखलात किंवा दगडगोट्यांच्या उभ्या चढणीवर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आणखी एक गोष्ट घरातील प्रत्येक चालकाला सांगून ठेवावी. चारही चाके ओढत असली तरी थांबवण्याचे काम ब्रेक आणि टायरच करतात, आणि ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच. पावसात निघण्याची शक्ती वाढली म्हणून थांबण्याची शक्ती वाढत नाही. माळशेज घाटात समोर दरडीचा दगड दिसला, तर जड फोर बाय फोर हलक्या मोटारीपेक्षा लवकर थांबेल असे मुळीच समजू नये. पहाटेच्या अंधुक प्रकाशात नाशिक महामार्गाच्या कडेने विहार करणारे साधू-साध्वीगण असतात, दूधवाले असतात, शाळेची मुले असतात. उंच, रुंद आणि वजनदार गाडी हाती असली की वेगाचा अंदाज चुकतो आणि त्या चुकीची किंमत गाडीबाहेरचा माणूस मोजतो.

आता गरजांकडे वळावे. ठाणे-कल्याण पट्ट्यातील व्यापारी घरे नजरेसमोर आणली तर त्यांचे साधारण तीन नमुने दिसतात.

पहिला नमुना कल्याणच्या धान्यपेढीचा. या घराने मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूस थोडी जमीन घेतलेली आहे. हमरस्ता सोडला की शेवटचे तीन किलोमीटर मुरमाची वाट, मध्ये एक ओहोळ, आणि शेवटी अंगावर येणारी चढण. जून ते ऑक्टोबर या काळात साधी मोटार ओहोळाच्या अलीकडे ठेवून चिखल तुडवत जावे लागते. मजुरांचा पगार, खताची पोती, पंपाचा सुटा भाग हे सारे डोक्यावरून न्यावे लागते. या घरातील मुलगा वडिलांना म्हणतो, “आबा, आठवड्यातून एकदा तरी जायलाच लागतं. दर वेळी ट्रॅक्टरवाल्याची वाट पाहत किती दिवस काढायचे?” त्याचे म्हणणे रास्त आहे. येथे गरज प्रत्यक्ष आहे, वारंवार येणारी आहे आणि लो रेंजची आहे. प्रवासी दोन, सामान माफक. अशा घराने जिम्नी, थार किंवा गुरखा यांचा विचार करावा. जिम्नी हलकी आणि अरुंद, त्यामुळे शेताच्या बांधांमधून सहज निघते. रुंदी सुमारे १६४५ मिलिमीटर. थारची रुंदी सुमारे १८२० मिलिमीटर, पण तिला डिझेल इंजिन मिळते आणि ओझे घेऊन चढताना त्याचा जोर जाणवतो. गुरखा सर्वांत राकट. तिच्यात शहरी नाजूकपणा कमी, पण ज्याला खरोखर दगडधोंड्यांतून जायचे आहे त्याच्यासाठी ती प्रामाणिक गाडी आहे.

दुसरा नमुना घोडबंदर रस्त्यावरील तरुण दाम्पत्याचा. दोघांची नोकरी किंवा स्वतंत्र व्यवसाय, एक लहान मूल, महिन्यातून एखादा रविवार बाहेर. इगतपुरी, माळशेज, लोणावळा, कधी माथेरान. या सर्व ठिकाणी डांबरी रस्ता पोहोचतो. आणि माथेरानला तर दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारींना प्रवेशच नाही, मग ती दोन चाकांनी ओढो की चार चाकांनी. या दाम्पत्याला गाडीचे रूप आवडले असेल, उंच बसण्याचे सुख हवे असेल, तर त्यात काही गैर नाही. परंतु तेवढ्यासाठी त्याच गाडीचा दोन चाकांचा प्रकार पुरतो. थारचा असा प्रकार २०२३ च्या जानेवारीपासून उपलब्ध आहे. येथे कराचे एक गणितही लक्षात घेण्यासारखे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर जीएसटी १८ टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आहे. तीन दारांच्या थारचा दीड लिटर डिझेलचा दोन चाकांचा प्रकार १८ टक्क्यांत बसतो. तीच गाडी चार चाकांची घेतली की मोठे इंजिन येते आणि कर ४० टक्के होतो. म्हणजे दांड्याबरोबर सरकारचा वाटाही वाढतो. मूल असलेल्या घराने आणखी एक पाहावे. तीन दारांच्या थारमध्ये मागे जायला पुढचे आसन दुमडावे लागते. पाळण्यातले बाळ आणि त्याची पिशवी घेऊन दिवसातून चार वेळा ही कसरत करणे कोणालाही रुचणार नाही.

तिसरा नमुना डोंबिवलीच्या एकत्र कुटुंबाचा. सात माणसे, भिवंडीला गोदाम, वर्षातून एक-दोन तीर्थयात्रा. घरातील नातवंडे मोठ्या फोर बाय फोरचा आग्रह धरतात आणि शोरूममध्ये आजीला सोबत नेतात. ती पायरीशी थबकते आणि म्हणते, “केवढी उंच आहे रे ही! मला चढायला पाट लागेल.” विक्रेता हसतो, मुले हसतात, पण त्या वाक्यात गाडीची खरी परीक्षा झालेली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जी गाडी चढता येत नाही, ती घेतल्यावर तो माणूस हळूहळू प्रवासच टाळू लागतो. “मी घरीच बरी, तुम्ही जाऊन या,” असे तो म्हणतो आणि त्यामागचे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. पालिताणा असो की मांगीतुंगी, पायथ्यापर्यंत चांगला रस्ता आहे. पुढचे पायी किंवा डोलीने. तेव्हा या कुटुंबाला सात आसने, रुंद दार, खालची पायरी आणि मागच्या रांगेपर्यंत पोहोचणारे वातानुकूलन यांची गरज आहे. दोन चाकांवर चालणारी ऐसपैस बहुउद्देशीय गाडी त्यांना अधिक सुख देईल. गोदामाचा रस्ता पावसात फारच वाईट असेल आणि सात आसनेही हवी असतील, तरच स्कॉर्पिओ-एनच्या चार चाकांच्या प्रकाराकडे जावे, आणि तेही आजीला एकदा तिसऱ्यांदा-चौथ्यांदा चढवून-उतरवून पाहिल्यावर.

गरज ठरली की मग पैशाचा विचार. किमती सारख्या बदलतात, म्हणून येथे एक्स-शोरूम किमतीचे स्थूल पट्टेच सांगता येतील. बारा ते अठरा लाखांच्या पट्ट्यात जिम्नी, तीन दारांची थार आणि गुरखा येतात. सतरा-अठरापासून पंचविसापर्यंत थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एनचे चार चाकांचे प्रकार. दोन्हींत ही सोय डिझेल इंजिनाबरोबरच मिळते. याच पट्ट्याच्या खालच्या टोकाला ग्रँड व्हिटाराची ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी आहे. तीस लाखांच्या आसपास टाटांची विजेवर चालणारी हॅरियर आहे. तिच्या वरच्या प्रकारात पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटारी बसवून चारही चाके फिरवली जातात. त्याहून वर टोयोटाची फॉर्च्युनर. ती गाडी वाईट मुळीच नाही, पण तिच्या किमतीत एखाद्या लहान दुकानाची पागडी भागते, हे विसरू नये.

एक्स-शोरूम किंमत म्हणजे केवळ सुरुवात. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेल गाडीला १३ ते १५ टक्के एकरकमी रस्ताकर आहे. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर तो २० टक्के होतो. पंधरा लाखांच्या डिझेल गाडीवर व्यक्तीला सुमारे २ लाख १० हजार आणि कंपनीला ३ लाख, असा हा फरक आहे. पेढीच्या नावावर गाडी घेतली की जीएसटीचा परतावा मिळेल, असा समज बाजारात आहे. परंतु जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार अशा प्रवासी गाडीवरील करवजावट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. मिळतो तो आयकरातील घसारा, साधारणपणे वर्षाला १५ टक्के घटत्या मूल्यावर. दहा लाखांपेक्षा महाग गाडीवर डीलर एक टक्का टीसीएस घेतो. तो मात्र आयकर विवरणात वळता करून घेता येतो, विसरू नये.

कर्जाचा हिशेबही कागदावर मांडून पाहावा. पंधरा लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३१,१४० रुपये येतो आणि एकूण व्याज ३ लाख ६८ हजार होते. तेच सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता २४,१३० रुपयांवर उतरतो, पण व्याज ५ लाख २७ हजारांवर जाते. हलका हप्ता दाखवून वरचा प्रकार गळ्यात घालणे ही विक्रीची जुनी रीत आहे. हप्ता किती, यापेक्षा शेवटी एकूण किती गेले, हे विचारावे.

याहून गंभीर धोका व्यापारी घरांत वेगळाच असतो. सुरुवातीचे चार-पाच लाख पेढीच्या कॅश क्रेडिट खात्यातून काढले जातात. ते खाते माल आणि उधारी यांच्यासाठी असते. त्यातले पैसे आठवड्या-महिन्यात फिरून परत येतात, या गृहीतावर बँक ती मर्यादा देते. गाडीत गेलेला पैसा फिरून येत नाही. मोसम उभा राहतो, माल उचलायचा असतो, मर्यादा मात्र भरलेली असते; आणि पुरवठादाराला दिलेला धनादेश परत जातो. तीस वर्षांची पत त्या एका धनादेशाबरोबर बाजारात चर्चेला येते. गाडीसाठी वेगळे मुदतकर्ज घ्यावे किंवा घराच्या बचतीतून पैसे द्यावेत. पेढीच्या खेळत्या भांडवलाला हात लावू नये. हा नियम सायकलपासून फॉर्च्युनरपर्यंत सारखाच लागू आहे.

आता पाण्याचा विषय, कारण या भागातील पुष्कळ लोक फोर बाय फोर घेतात ती पुराच्या भीतीने. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कल्याण-बदलापूर परिसरात उल्हास नदीचे पाणी वस्तीत शिरले. मुंबईत काही माणसे पाण्यात अडकलेल्या मोटारींच्या काचा आणि दारे न उघडल्याने आतच दगावली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. जेथे आगगाडी थांबते तेथे मोटारीने धाडस करण्यात शहाणपण नाही. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, गुरखाची ७००. हे आकडे गुडघ्याच्या थोडे वरचे आहेत आणि ते संथ, तळ माहीत असलेल्या पाण्यासाठी आहेत. वाहते पाणी याहून कमी खोलीतही गाडी तरंगवते आणि बाजूला ढकलते. तरंगणाऱ्या गाडीची चार चाके काय आणि चाळीस चाके काय, जमिनीला टेकलेली नसली तर व्यर्थ.

इंजिनात पाणी गेल्यावर गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला तर आतले भाग वाकतात. असे नुकसान नेहमीच्या सर्वंकष विम्यात बहुधा धरले जात नाही; त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचे वेगळे कलम थोडा जास्तीचा हप्ता भरून घ्यावे लागते. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्याने अन्य शोभेच्या वस्तूंपेक्षा हा खर्च आधी करावा. काच फोडण्याची लहान हातोडी चालकाच्या हाताशी असावी. ती काही शे रुपयांत मिळते.

जुनी गाडी घेणाऱ्यानेही पाण्याचाच विचार आधी करावा. एमएच-०४ किंवा एमएच-०५ क्रमांकाची गाडी कोणत्या पावसाळ्यात कोठे उभी होती, हे विचारावे. आसनाखालचा गालिचा उचलून गंज आणि गाळ पाहावा, पट्टे पूर्ण बाहेर ओढून त्यांवर चिखलाचे डाग आहेत का ते पाहावे, विम्याच्या जुन्या दाव्यांची माहिती मागावी. मग मातीच्या मैदानात नेऊन चार चाकांचा दांडा आणि लो रेंज प्रत्यक्ष टाकून पाहावा. वर्षानुवर्षे न वापरलेली यंत्रणा नेमकी गरजेच्या वेळी अडकते. ती सुस्थितीत असेल, तर चार-पाच वर्षांची जुनी थार शेतावर जाणाऱ्या घराला पुष्कळ पैसे वाचवून देईल.

लहानसहान बाबींनीही मोठे मनस्ताप होतात. संकुलात स्टॅक पार्किंग असेल तर आपल्या खणाची उंची, रुंदी आणि वजनाची मर्यादा आधी मोजून घ्यावी. थार सुमारे १.८५ मीटर उंच आहे, जिम्नी १.७२, साध्या मोटारींसाठी बांधलेल्या खणात त्या मावत नाहीत आणि मग महिन्याला भाडे भरून बाहेर जागा शोधावी लागते. आसनांचे आणि स्टिअरिंगचे वेष्टन खऱ्या कातड्याचे आहे की कृत्रिम, हे लेखी विचारून घ्यावे. वरच्या प्रकारांत न मागता कातडे येऊ शकते आणि मग ते घरातील वडीलधाऱ्यांना रुचत नाही. टायर कोणते आहेत तेही पाहावे. गुळगुळीत रस्त्याचे टायर लावलेली फोर बाय फोर ओल्या लाल मातीत साध्या मोटारीइतकीच हतबल होते.

शेवटी एक बाब आपल्याच घरांपुरती. ज्या चार महिन्यांत या गाडीचा खरा उपयोग, ते आषाढ ते कार्तिक हे महिने म्हणजे आपला चातुर्मास. अनेक घरांत या काळात प्रवासाची मर्यादा घालून घेतात, गावाबाहेर जाण्याचे दिवस मोजून ठेवतात. ओल्या गवतातून, चिखलातून गाडी घालण्याची हौस तर जयणेच्या विचारात बसतच नाही. त्या गवतात किती जीव असतात हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. ज्या घरात हा नियम पाळला जातो, त्या घरासाठी फोर बाय फोर ही आठ महिने अनावश्यक आणि चार महिने वर्ज्य अशी वस्तू ठरते. अर्थात मुरबाडच्या शेतावर मजुरांचा पगार घेऊन जाणाऱ्याची वाट ही हौसेची वाट नाही, आणि त्याने मनात किंतु बाळगण्याचे कारण नाही.

ज्यांचा निर्णय तरीही होत नसेल, त्यांनी वहीचाच आधार घ्यावा. नव्या वर्षाच्या वहीत एक पान राखून ठेवावे. सध्याच्या गाडीने ज्या ज्या दिवशी रुतून, घसरून किंवा चढण न चढल्याने अडवले, तो दिवस, ठिकाण आणि त्यामुळे झालेला खर्च तेथे लिहावा. चार चाकांसाठी अडीच लाख अधिक पडत असतील आणि गाडी दहा वर्षे ठेवायची असेल, तर व्याज सोडूनही वर्षाला पंचवीस हजार पडतात. पुढच्या दिवाळीला त्या पानावर वीस-पंचवीस नोंदी असतील, तर निःशंकपणे गाडी घ्यावी. एका वेळेचा खर्च हजार-बाराशे पडेल आणि कामे अडणार नाहीत. पाच-सहा नोंदी असतील, तर त्या दिवसांपुरती गावातली जीप भाड्याने घेणे स्वस्त पडेल. पान कोरेच राहिले, तर ते अडीच लाख आजीला सहज चढता येईल अशा गाडीत घालावेत, किंवा पुढच्या मोसमाच्या मालात.